नवा ब्राउझर आणि जुनी अक्षरे

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली माणसाच्या रक्ताचे गट वर्णन केले, तेव्हा वैद्यकाला एक मोलाची गोष्ट उमगली. देणाऱ्याचे रक्त निर्दोष असते, घेणाऱ्याचेही निर्दोष असते, आणि तरीही दोन्ही एकत्र येताच पेशींचे पुंजके होऊन रुग्ण दगावू शकतो. दोष दोघांपैकी एकात शोधू गेल्यास सापडत नाही. तो दोघांच्या नात्यात असतो. म्हणूनच आपण वैद्यक व्यावसायिक सहसा क्रॉस-मॅच केल्याशिवाय रक्ताची पिशवी लावत नाही. संगणकाच्या जगात याच गोष्टीला 'कम्पॅटिबिलिटी' म्हणजे सुसंगतता म्हणतात. मात्र तेथे क्रॉस-मॅच बहुधा पिशवी लावून झाल्यावर होते! घरातील संगणकावर कुणीतरी ब्राउझरची नवी आवृत्ती बसवतो आणि दुसऱ्या दिवशी कालपर्यंत सुरळीत उघडणारे एखादे पान उघडेनासे होते, किंवा उघडते ते अगम्य रूपात.

विषय वरवर किरकोळ वाटेल. स्मरणिकेच्या पानांवर मधुमेह, हृदयविकार, वार्धक्य यांच्या शेजारी ब्राउझरने बसावे हे काही वाचकांस रुचणारही नाही. परंतु मराठी मुलखापासून दूर राहून मराठी वाचणाऱ्या आपल्यासारख्यांच्या बाबतीत या किरकोळ बिघाडापायी फार काही हरवू शकते. आमच्या घरी ते हरवता हरवता राहिले. त्या अनुभवाच्या निमित्ताने या प्रश्नाची थोडी तपशीलवार ओळख करून द्यावी, असा या लेखाचा हेतू आहे.

ब्राउझर करतो तरी काय?

आंतरजालावरील पान आपल्याला चित्रासारखे दिसत असले, तरी ते चित्र म्हणून येत नाही. येतो तो मजकूर आणि त्याच्यासोबत सूचना: हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, हे अमुक टंकात दाखवा, येथे चित्र लावा. या सूचना वाचून पान उभे करण्याचे काम ब्राउझर करतो. मराठीत काही जाणकारांनी त्याला 'न्याहाळक' असा गोड शब्द योजला होता. पण मला तो न्याहाळणाऱ्यापेक्षा औषधयोजक अधिक वाटतो. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायची आणि कंपाउंडरने ती वाचून मिश्रण तयार करायचे, असा हा व्यवहार आहे. कंपाउंडर बदलला की त्याच चिठ्ठीचे मिश्रण थोडे निराळे होऊ शकते, विशेषतः चिठ्ठीचे अक्षर संदिग्ध असेल तर!

पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत तयार केला. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून 'मोझॅइक' आला आणि पानांवर मजकुरासोबत चित्रे पाहणे सामान्यांच्या आवाक्यात आले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने खुले केले. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टचा 'इंटरनेट एक्स्प्लोरर' बाजारात आला. तोवर 'नेटस्केप'चा दबदबा होता. या दोघांच्या चुरशीत प्रत्येकाने स्वतःच्या खास सोयी काढल्या आणि पाने तयार करणाऱ्यांनी तळाशी 'अमुक ब्राउझरमध्ये उत्तम दिसेल' अशा पाट्या लावण्यास प्रारंभ केला. ती पाटी म्हणजे 'हे रक्त फक्त अमुक गटाच्याच रुग्णास चालेल' अशी सूचना होती. बहुतेकांनी ती शोभेची समजून दुर्लक्षिली.

संकेतस्थळांचे काही निष्कर्ष तर हास्यास्पद ठरले. अनेक संकेतस्थळे समोरचा ब्राउझर कोणता, हे त्याने सांगितलेल्या नावावरून आणि आवृत्तीच्या क्रमांकावरून ठरवीत. २००९ साली 'ऑपेरा' या ब्राउझरची दहावी आवृत्ती आली, तेव्हा कित्येक संकेतस्थळे क्रमांकाचा केवळ पहिला अंक वाचत. त्यांच्या लेखी दहावी आवृत्ती म्हणजे पहिली, अर्थात कालबाह्य! अखेर ऑपेराने स्वतःची ओळख ९.८० अशी सांगण्याचा मार्ग पत्करला. २०२२ साली 'क्रोम' आणि 'फायरफॉक्स' यांच्या आवृत्त्या शंभरीला पोचल्या, तेव्हा तीन अंकी क्रमांकाने हाच गोंधळ होऊ नये म्हणून त्यांच्या अभियंत्यांना आधीपासून चाचण्या घ्याव्या लागल्या. वय सांगितल्यामुळे प्रवेश नाकारला जाणे, हा अनुभव केवळ माणसांचाच नाही, एवढाच याचा बोध.

मराठी अक्षरांचे उसने घर

आता मराठीकडे वळू. इंग्रजीची अक्षरे मोजकी आणि एकामागून एक बसणारी. देवनागरीत जोडाक्षरे, रफार, वेलांट्या, उकार. नव्वदीच्या दशकात घरगुती संगणकांना ही लिपी येत नव्हती. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे राष्ट्रीय मानक होते. १९९१ साली ते भारतीय मानक म्हणून स्वीकारलेही गेले. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने भारतीय भाषांसाठी मोठे काम केले. तथापि छपाईच्या व्यवसायाने वेगळी वाट धरली. टंक बनविणाऱ्यांनी एक युक्ती केली: इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरी आकृत्या बसवल्या. संगणकाच्या दृष्टीने आपण इंग्रजीच टंकत असू. डोळ्यांना मात्र मराठी दिसे. 'शिवाजी', 'किरण', 'श्रीलिपी', 'आकृती' ही नावे ज्यांनी कधी डीटीपीवाल्याच्या शेजारी बसून लग्नपत्रिका किंवा स्मरणिका तपासली आहे, त्यांना परिचित असतील.

प्रत्येक टंकाचे कोष्टक वेगळे होते. एका टंकात ज्या जागी 'क' असे, तेथे दुसऱ्यात 'ज्ञ' असू शकेल. छापील कागदावर याने काही बिघडत नव्हते, कारण कागदावर शेवटी आकृतीच उमटते. आंतरजालावर मात्र वाचणाऱ्याच्या संगणकात तोच टंक नसेल, तर दिसणार काय? इंग्रजी अक्षरे, विरामचिन्हे आणि युरोपीय भाषांतील टोप्या-टिंबे घातलेली मुळाक्षरे यांची खिचडी.

यावर १९९७ च्या सुमारास तोड निघाली. पान उघडताच त्याचा टंकही आपोआप यावा, अशी सोय झाली. त्याला 'डायनॅमिक फाँट' म्हणत. पण येथेही दोन घराणी! इंटरनेट एक्स्प्लोररने आपला एक प्रकार स्वीकारला, तर नेटस्केपने बिटस्ट्रीम कंपनीचा दुसरा. नेटस्केपने २००० साली आपल्या सहाव्या आवृत्तीत तो टाकूनही दिला. फायरफॉक्स नोव्हेंबर २००४ मध्ये आला. त्याने मायक्रोसॉफ्टचा प्रकार कधीच स्वीकारला नाही आणि पुढे क्रोमनेही नाही. परिणामी त्या काळातील कितीतरी मराठी पाने एका विशिष्ट ब्राउझरच्या कृपेवर उभी होती. त्यांचे घर उसन्या जागेवर होते. जागामालक बदलताच ती रस्त्यावर येणार होती.

इंदूरकर मराठी माणसाला या पानांचे अप्रूप का होते, हे येथील वाचकांस सांगावयास नको. मुंबई-पुण्याचे दैनिक रेल्वेने येई, ते बहुधा शिळे होऊनच. तेच दैनिक सकाळच्या चहासोबत पडद्यावर वाचता येऊ लागले, तेव्हा रामबागेतल्या, टिळकनगरातल्या कित्येक घरांत केवळ त्यासाठी संगणक आले.

आमच्या घरची केस

माझे वडील शासकीय सेवेत वैद्यकीय अधिकारी होते. झाबुआ, बडवानी, खरगोन या भागांत त्यांची बरीच वर्षे गेली. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या आठवणी वह्यांमध्ये लिहून काढल्या. बैलगाडीतून काढलेल्या खेपा, कंदिलाच्या उजेडातील बाळंतपणे, सर्पदंश, हिवताप आणि विशेषेकरून नारू. पायाच्या फोडातून बाहेर आलेला नारूचा कृमी काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटू द्यायचा नाही, हे कौशल्य त्यांनी गावोगावच्या जाणत्या माणसांकडून पाहिले होते. कोणत्या गावात बावडीत पायऱ्यांनी उतरून पाणी भरतात, म्हणून तेथे नारू. आणि शेजारच्या गावात विहिरीवर रहाट आहे, म्हणून तेथे नाही, अशी निरीक्षणे त्यांनी नकाशासह नोंदवली होती.

आजच्या तरुण डॉक्टरांनी नारूचा रुग्ण पाहिलेला नसतो. १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्या रोगावर ना लस होती, ना कृमीचा नाश करणारे औषध; पाणी कापडातून गाळणे, बावड्यांच्या जागी हातपंप बसवणे, पाण्यातील सूक्ष्म सायक्लॉप्सचा नायनाट करणे आणि प्रत्येक रुग्णाचा माग ठेवणे, एवढ्यावर तो जिंकला गेला. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. त्यामुळे वडिलांचे टिपण घरगुती आठवणींपुरते उरले नव्हते. मावळलेल्या एका रोगाचा तो प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त होता.

वडील १९९९ मध्ये गेले. अमेरिकेत असलेल्या माझ्या धाकट्या भावाने २००१ साली सर्व वह्या तेथे नेऊन, रात्री जागून, त्यातील मजकूर टंकला आणि एका विनामूल्य सेवेवर पाने तयार केली. टंक तेव्हाच्या चालीचा, डायनॅमिक. आई दर रविवारी दुपारी संगणकासमोर बसून एखादे प्रकरण वाचत असे. वह्या पुढे इंदूरला परत आल्या. पावसाळ्यात कपाटाला वाळवी लागली आणि पहिल्या दोन वह्या, ज्यांत नारूविषयीचा बहुतेक मजकूर होता, त्या मातीमोल झाल्या. तेव्हा आम्ही हळहळलो, पण निर्धास्त होतो. मजकूर आंतरजालावर सुरक्षित होता ना!

२००७ च्या दिवाळीत माझा भाचा घरी आला. अभियांत्रिकीचा विद्यार्थी, त्याने आल्या आल्या संगणक स्वच्छ केला, नवा ब्राउझर बसवला. तो खरोखरच वेगवान होता, सुरक्षितही होता. रविवारी दुपारी आईने पान उघडले आणि मला हाक मारली.

"अरे, हे बघ. ह्यांचं लिखाण असं कसं झालं?"

पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरांची गर्दी, मधूनमधून काळ्या चौकोनात प्रश्नचिन्हे. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. वाळवीने नेलेल्या वह्यांनंतर उरलेले तेवढेच तिच्यासमोर होते आणि ते वाचता येत नव्हते.

निदान

भाच्याने दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाला, "मामा, मजकूर शाबूत आहे. आजीला सांगा, काही गेलेलं नाही." मी कारण विचारले, तेव्हा त्याने जी पद्धत अवलंबिली ती आपल्या बाह्यरुग्ण विभागात शोभली असती. प्रथम त्याने तेच पान संगणकात अद्याप असलेल्या जुन्या ब्राउझरमध्ये उघडले. तेथे वडिलांचे लेखन जसेच्या तसे होते. म्हणजे पान ठीक, जोडणी ठीक. बदलला तो ब्राउझर, आणि विकाराचे मूळ त्या बदलात.

नंतर लक्षणांची फोड झाली. इंग्रजी अक्षरे दिसण्याचे कारण असे की, नव्या ब्राउझरने पानासोबत येणारा टंक घेतलाच नव्हता. तो प्रकार त्याला मान्य नव्हता. पण काळ्या चौकोनांतील प्रश्नचिन्हांचे स्पष्टीकरण त्याने होत नव्हते. ते दुसऱ्या कारणाने होते. नव्या संकेतस्थळांवरील मराठी नीट दिसावी म्हणून भाच्याने ब्राउझरला 'ज्या पानावर वेगळे सांगितलेले नसेल, तेथे युनिकोडचे संकेतन धर' असे बजावले होते. आमच्या २००१ च्या पानांवर संकेतन नोंदलेलेच नव्हते. ब्राउझरने आज्ञा पाळली, जुन्या टंकाची निम्मी चिन्हे युनिकोडच्या नियमांत बसली नाहीत आणि प्रत्येकाच्या जागी एक प्रश्नचिन्ह उमटले. नव्या मराठीसाठी दिलेली मात्रा जुन्या मराठीला बाधली. एकाच रुग्णात दोन व्याधी असू शकतात आणि त्यांतील एक उपचारातून उद्भवलेली असू शकते, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतोच.

तात्पुरता उपाय सोपा होता. भावाने मूळ टंकाची फाइल ई-मेलने धाडली, ती संगणकात बसवली. त्या पानांपुरते संकेतन मेन्यूमधून बदलले. अक्षरे परतली. आईने त्याच दुपारी राहिलेले प्रकरण पूर्ण केले.

उपचार आणि त्याचे उपद्रव

भाचा मात्र जाताना एक इशारा देऊन गेला. हा उपाय या एका संगणकापुरता आहे. उद्या संगणक बदलला, टंक राहिला नाही, किंवा ती विनामूल्य सेवाच बंद झाली तर काय? मजकूर युनिकोडमध्ये आणणे हाच कायमचा इलाज.

युनिकोडची कल्पना थोडक्यात अशी: जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक द्यायचा. 'क' चा क्रमांक केवळ 'क' चाच; तेथे दुसरे कुणी राहायला येणार नाही. देवनागरीला त्यात १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला, तो इस्की मानकाच्याच आधारावर. टंक बदलला तर वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही. विंडोज २००० पासून ही सोय घरगुती संगणकांत येऊ लागली. विंडोज एक्सपीमध्ये ती मुद्दाम चालू करावी लागे, आणि ते ठाऊक नसल्यामुळे अनेकांना वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे लटकलेली दिसे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया या युनिकोडवरच उभा राहिला.

जुन्या टंकातील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे छोटे प्रोग्रॅम तेव्हा उपलब्ध होते. त्यातील एक आम्ही वापरला. तो क्षणार्धात चाळीस प्रकरणे बदलून मोकळा झाला आणि मग आमची खरी कसोटी सुरू झाली. जुन्या टंकांत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: ऱ्हस्व वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम: आधी व्यंजन, मग वेलांटी. रफाराचे याच्या उलट. तो डोळ्यांना अक्षराच्या डोक्यावर, म्हणून जुन्या टंकात नंतर, पण उच्चारात आधी. रूपांतर करणाऱ्याने ही अदलाबदल प्रत्येक ठिकाणी अचूक केली नाही, तर 'वर्ष' चे 'वषर्' होते. आमच्याकडे 'सर्पदंश' सर्वत्र 'सपर्दंश' झाला होता. पण कळस केला तो नारूने. त्या टंकात 'रू' ला स्वतंत्र आकृती होती आणि प्रोग्रॅमच्या कोष्टकात ती नव्हती. त्यामुळे प्रत्येक 'नारू' मधील 'रू' गळून जागी नुसता 'र' राहिला. वडिलांनी काडीवर गुंडाळून पायातून नार बाहेर काढल्याची वाक्ये वाचून आई कितीतरी दिवसांनी मनापासून हसली. म्हणाली, "हे आधी कळलं असतं, तर मी जाब विचारला असता!"

हसण्यावारी न्यावे असे सारेच नव्हते. औषधांच्या मात्रा, अपूर्णांक, तारखा, गावांची नावे यांत यंत्रावर विसंबणे शक्य नव्हते. आई मोठ्याने वाचे, मी जुन्या पानावर बोट ठेवून ताडून पाही आणि माझी मुलगी दुरुस्ती करी. रोज रात्री जेवणानंतर तासभर, असे चार महिने. २००८ च्या उन्हाळ्यात काम पूर्ण झाले. पुढे ती विनामूल्य सेवा खरोखरच बंद पडली आणि तिच्यासोबत मूळ पाने गेली. आमच्याकडील प्रत मात्र त्यानंतर कित्येक ब्राउझर आणि चार संगणक बदलूनही उघडते, शोधता येते, मोबाइलवरही वाचता येते.

युनिकोडनेही सारे प्रश्न संपले असे नाही. 'ॲ' हे आपले अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत स्वतंत्रपणे आले. त्यामुळे जुन्या संगणकांवर 'ॲ' च्या जागी रिकामी चौकट दिसते. रुपयाचे चिन्ह २०१० साली ठरले. त्याचीही तीच कथा. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी. पानावर 'भाषा मराठी' अशी नोंद असेल आणि टंकात सोय असेल, तर ब्राउझर मराठी वळण दाखवतो, अन्यथा हिंदी. इंदूरकरांना दोन्ही वळणे सारख्याच सरावाची; आपण जन्मापासूनच दोन्ही आवृत्त्यांशी सुसंगत आहोत!

मग जुनेच का ठेवू नये?

हा प्रश्न अनेक ज्येष्ठ सहकारी विचारतात. चालते आहे, तर बदलायचे कशाला? याला उत्तर वैद्यकाच्याच क्षेत्रातून मिळते. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील अनेक रुग्णालये त्यात सापडली. तपासण्या, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, रुग्णवाहिका अन्यत्र वळवाव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजविणारी सुधारणा मार्च महिन्यातच उपलब्ध झाली होती. ती ज्यांनी बसवली नव्हती, त्यांना फटका बसला. जुना ब्राउझर वापरणे म्हणजे लसीकरण टाळणे. बरीच वर्षे काही होत नाही, म्हणून ते सुरक्षित ठरत नाही.

शिवाय जुने ठेवू म्हटले तरी जग थांबत नाही. ज्या फ्लॅश तंत्रावर कितीतरी वैद्यकीय चित्रफिती आणि व्याख्याने बेतलेली होती, त्याचा आधार ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेतला. इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. त्यावरच चालणारी रुग्णालयांची जुनी सॉफ्टवेअरे अडचणीत आली. विंडोज ७ आणि ८.१ यांवर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ वी, जानेवारी २०२३ मधली. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. बदल अटळ आहे. प्रश्न एवढाच की, तो क्रॉस-मॅच करून करायचा की न करता.

सभासदांसाठी काही सूचना

ब्राउझर बदलण्यापूर्वी आपल्या वाचनखुणा आणि पासवर्ड यांची प्रत काढून घ्यावी. 'तुमचा ब्राउझर जुना झाला, येथे दाबा' असे एखाद्या पानाने अचानक सांगितले, तर तेथे दाबू नये. सुधारणा ब्राउझरच्या स्वतःच्या मेन्यूतूनच घ्यावी.

एखादे पान बिघडल्यास क्रमाने तपासणी करावी. प्रथम तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडावे. नंतर खासगी खिडकीत. तेथे नीट दिसले, तर दोष साठलेल्या जुन्या प्रतींचा किंवा जोडलेल्या उपांगांचा. सर्वच सुरक्षित संकेतस्थळे एकाएकी धोक्याची सूचना देऊ लागली, तर आधी संगणकाच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. आतील छोटा सेल संपल्यामुळे तारीख अनेक वर्षे मागे गेलेली असते, प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि लहानशा सेलने बरे होणाऱ्या रुग्णावर नको ते उपचार केले जातात.

रुग्णालयाचे एखादे जुने सॉफ्टवेअर इंटरनेट एक्स्प्लोररखेरीज चालतच नसेल, तर मायक्रोसॉफ्टच्या 'एज' ब्राउझरमध्ये त्यासाठी एक सुसंगत पद्धत ठेवलेली आहे. तिला निदान २०२९ पर्यंत आधार देण्याचे कंपनीने सांगितले आहे. ही मुदत म्हणजे रोगमुक्ती नव्हे, शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी मिळालेला अवधी आहे.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. आपल्यापैकी अनेकांकडे १९९५ ते २०१० या काळातील मराठी मजकूर जुन्या टंकांत पडून असेल: वडीलधाऱ्यांच्या आठवणी, कुळवृत्तान्त, मंडळांची इतिवृत्ते, पेजमेकरवर जुळवलेल्या जुन्या स्मरणिका. त्या पीडीएफ स्वरूपात असतील, तर डोळ्यांना नीट दिसतील, पण त्यातला एक शब्दही शोधता येणार नाही आणि उतरवून घेऊ गेल्यास अगम्य अक्षरे हाती येतील. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मधली. ती चालवू शकणारे संगणक आणि ते टंक ओळखणारी माणसे, दोन्ही विरळ होत आहेत. ज्यांना आज हा मजकूर वाचता येतो, त्यांच्या हयातीतच तो युनिकोडमध्ये आणावा, एका जाणत्या माणसाने मुळाशी ताडून पाहावा आणि एक प्रत कागदावर छापून ठेवावी. कागदाला वाळवी लागू शकते, ब्राउझरला नवी आवृत्ती लागू शकते. दोघांना एकाच दिवशी लागण्याचा संभव कमी.

सभासदांनी पुढील सुट्टीच्या दिवशी घरातली अशी एक तरी फाइल उघडून पाहावी. उघडली आणि वाचता आली, तर काम त्याच दिवशी सुरू करण्यास हरकत नाही.